एका चार्जरवर भराभर, दुसऱ्यावर रडतखडत: जलद चार्जिंग नेमकं कुठे अडतं ते कसं शोधावं

तक्रार बहुतेक वेळा अशीच येते. विजेरी गाडी एका चार्जरवर अर्ध्या तासात ८० टक्क्यांवर जाते, दुसऱ्यावर दीड तास लावून बसावं लागतं आणि तिसऱ्यावर चार्जिंग सुरूच होत नाही. तिन्हीकडे गन (केबलच्या टोकाचा, गाडीत घालायचा प्लग) मात्र तीच, सीसीएस२ प्रकारची. गन बसली म्हणजे किल्ली कुलपात शिरली, एवढंच. ती फिरेल की नाही हे गाडीच्या बॅटरीचं व्होल्टेज, चार्जरचं कमाल व्होल्टेज, केबलची अँपिअर मर्यादा आणि दोघांचं आपसातलं बोलणं या चार गोष्टींवर ठरतं. यातली एकही गनच्या आकारावरून कळत नाही.

आधी तक्रारीचे दोन भाग करा: चालू होतं पण हळू, आणि चालूच होत नाही. दोन्हींची कारणं वेगळी असतात. पहिल्या तक्रारीवर दुसरीचे उपाय करत बसलं, म्हणजे गन दहा वेळा काढून घातली, तरी एक किलोवॅटसुद्धा वाढत नाही.

मोठ्या आकड्यावर विसंबू नका

चार्जरवर ठळक लिहिलेले ६०, १२०, १५० हे किलोवॅट म्हणजे सगळं जुळून आलं तर मिळणारी कमाल. खरी माहिती बाजूला किंवा मागे चिकटवलेल्या रेटिंग प्लेटवर असते. तिच्यावरची आउटपुटची ओळ वाचा. जुन्या ५० किलोवॅटच्या चार्जरवर साधारण ‘५०० व्होल्ट, १२५ अँपिअर’ असं दिसेल, नव्यांवर ‘२०० ते १००० व्होल्ट, २०० अँपिअर’ किंवा असंच काही. व्होल्ट गुणिले अँपिअर भागिले १००० म्हणजे किलोवॅट. पुढचं सगळं या एका गुणाकारात आहे.

आता गाडीकडची बाजू. ज्यांना ४०० व्होल्टच्या गाड्या म्हणतात त्यांच्यात बहुधा ९६ किंवा त्याच्या आसपास सेल एकामागोमाग जोडलेले असतात. निकेल-मँगनीज-कोबाल्ट सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, म्हणजे ९६ सेलचे ४०३ व्होल्ट. पण चार्जिंगचा मुख्य पल्ला ३४० ते ३९० व्होल्टमध्येच जातो. ‘८०० व्होल्ट’ हेही ढोबळ नावच आहे. १९२ सेल असतील तर पूर्ण भरल्यावर ८०६ व्होल्ट. ह्युंदाई आयोनिक ५ च्या ७७.४ किलोवॅट-तासांच्या पॅकचं नाममात्र (नॉमिनल, म्हणजे हिशेबाला धरलेलं सरासरी) व्होल्टेज ६९७ आहे, आणि त्याच गाडीच्या ५८ किलोवॅट-तासांच्या पॅकचं फक्त ५२३. लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल नाममात्र ३.२ व्होल्टचा. असे १७२ जोडले की साधारण ५५० व्होल्ट. म्हणजे ही बॅटरी धड ४०० मध्ये नाही, धड ८०० मध्येही नाही. ५०० व्होल्टच्या चार्जरसमोर मात्र ती ८०० वाल्यांच्याच रांगेत उभी राहते.

एकच चार्जर दोन गाड्यांना कसा वेगळा वागतो ते पाहा. समजा त्यावर १५० किलोवॅट लिहिलंय, कमाल १००० व्होल्ट, पण केबल द्रवाने थंड होणारी नाही आणि मर्यादा २०० अँपिअरची. ९६ सेलची गाडी ३४० व्होल्टवर आली तर २०० × ३४० = ६८ किलोवॅट. ३९० व्होल्टपर्यंत चढली तरी ७८. शेजारी १९२ सेलची गाडी लावली तर ६८० व्होल्टवर १३६ किलोवॅट, आणि पुढे ७५० व्होल्ट ओलांडल्यावर पाटीवरचे पूर्ण १५०. चार्जरमध्ये बिघाड नाही आणि पहिल्या गाडीतही नाही. त्या चार्जरवर ४०० व्होल्टच्या गाडीला ८० किलोवॅटच्या पुढे जायला वाटच नाही. अशा गाडीला १०० किलोवॅटच्या वर न्यायचं असेल तर ३०० अँपिअरहून जास्त देणारी, द्रवाने थंड होणारी केबल शोधा. ही केबल जाड असेलच असं नाही, पण आत द्रव फिरवणाऱ्या पंपाचा बारीक आवाज चार्जरजवळ ऐकू येतो.

तीन आकड्यांपैकी कोणता अडलाय?

निदानाची सर्वांत उपयोगी युक्ती हीच. चार्जिंग सुरू झाल्यावर चार्जरच्या पडद्यावर किंवा गाडीत व्होल्ट, अँपिअर आणि किलोवॅट असे तीन आकडे शोधा. ते दर दोन मिनिटांनी टिपून ठेवा, दहा मिनिटं पुरेशी आहेत. मग त्यांच्या चालीकडे बघा.

अँपिअर एकाच आकड्यावर खिळलेत (१२४.८, १२४.९, १२४.८) आणि व्होल्ट हळूहळू चढतायत, त्यांच्याबरोबर किलोवॅटही चढतायत: मर्यादा चार्जरच्या किंवा केबलच्या करंटची. गाडीला अजून हवंय, समोरचा देऊ शकत नाही.

किलोवॅट खिळलेत, व्होल्ट चढतायत आणि त्या प्रमाणात अँपिअर उतरतायत: चार्जरची शक्ती संपली, किंवा ती दुसऱ्या गनबरोबर वाटली गेलीय. १२० किलोवॅटच्या चार्जरवर आकडा बरोबर ६० च्या आसपास अडला असेल तर शेजारच्या गनकडे नजर टाका. आत बहुधा ३० किलोवॅटची चार मॉड्युलं (वीज बदलून देणारे सुटे डबे) असतात आणि वाटणी अख्ख्या मॉड्युलांची होते. म्हणून मिळणारी शक्ती ३०, ६०, ९० अशा पायऱ्यांनीच बदलते. शेजारची गाडी निघून गेल्यावरही काही चार्जर चालू सत्रात मोकळी मॉड्युलं तुमच्याकडे वळवत नाहीत. तेव्हा सत्र थांबवून नव्याने सुरू केल्यावरच ती मिळतात. पुन्हा गन लावण्याचा खराखुरा फायदा होतो अशा मोजक्या जागांपैकी ही एक.

व्होल्ट जवळपास स्थिर आणि अँपिअर उतरत चाललेत, तेही चार्जरच्या मर्यादेच्या बरेच खाली: हात गाडीने आखडता घेतलाय. बॅटरी थंड आहे, तापलेली आहे किंवा भरत आलीय. चार्जर बदलून काही होणार नाही. थंड बॅटरीच्या बाबतीत एक गोष्ट हमखास निसटते. कित्येक गाड्या बॅटरी आधीच गरम करतात, पण नकाशात चार्जरला मुक्काम म्हणून निवडलं तरच. एखादं नेटवर्क गाडीच्या नकाशात नसेल तर तुम्ही फोनचा नकाशा लावून तिथे पोहोचता आणि बॅटरी गारच राहते. मग ‘त्या नेटवर्कवर माझी गाडी हळू चार्ज होते’ अशी समजूत होऊन बसते. गाडीत बॅटरी गरम करण्याचं स्वतंत्र बटण असेल तर ते अर्धा तास आधी चालू करा. नसेल तर नकाशात जवळचा दुसरा कुठलाही जलद चार्जर मुक्काम म्हणून टाका.

चौथी चाल: पहिली दहा मिनिटं २०० अँपिअर नीट मिळतात, मग एकदम १५०, मग १२०. हे बहुतेकदा गनच्या पिनांचं तापमान. पिनांपाशी सेन्सर असतात आणि ९० अंश सेल्सिअसच्या मर्यादेजवळ पोहोचायच्या आधीच करंट कमी केला जातो. गनची मूठ हाताला नेहमीपेक्षा जास्त गरम लागत असेल तर दुसरी गन घ्या. त्याच गाडीत दुसऱ्या गनवर असं झालं नाही, तर पहिल्या गनच्या पिना झिजल्यात किंवा काळवंडल्यात. सगळ्याच गनवर होत असेल तर गाडीच्या सॉकेटमध्ये टॉर्च मारून बघा. पिनांना हात लावायचा नाही आणि घासायचं तर मुळीच नाही.

८०० व्होल्टची गाडी, ५०० व्होल्टचा चार्जर

चार्जर ५०० च्या वर जाऊ शकत नाही आणि बॅटरीला ७०० हवेत. पाणी उताराकडेच वाहतं. बॅटरीच्या व्होल्टेजपेक्षा थोडं जास्त व्होल्टेज समोर असल्याशिवाय तिच्यात करंट शिरत नाही. यावर गाडी बनवणाऱ्यांनी वेगवेगळे मार्ग काढलेत आणि कुठल्या गाडीत कुठला मार्ग आहे यावरच तुमचा वेग ठरतो.

काहींनी गाडीत व्होल्टेज वाढवणारा वेगळा कन्व्हर्टर बसवला. पोर्शे टायकान आली तेव्हा असा कन्व्हर्टर मुळात ५० किलोवॅटचा होता, १५० किलोवॅटचा हवा तर जास्तीचा पर्याय म्हणून घ्यावा लागे. आयोनिक ५ आणि किया ईव्ही६ मध्ये वेगळा डबा नाही. गाडी उभी असताना मोटरची वेटोळी आणि इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरसाठी बदलणारा भाग) वापरूनच व्होल्टेज वाढवलं जातं. (चार्जिंगच्या वेळी मोटरकडून येणारी बारीक शीळ त्याचीच, घाबरायचं कारण नाही.) ल्युसिड एअर ५०० व्होल्टच्या चार्जरवर ५० किलोवॅटपर्यंतच घेते. विजेरी मॅकान आणि ऑडी क्यू६ ई-ट्रॉन वेगळंच करतात. ८०० व्होल्टची बॅटरी दोन अर्ध्या भागांत विभागून ते भाग समांतर भरतात, १३५ किलोवॅटपर्यंत. आणि काहींमध्ये यातलं काहीच नसतं. २०२५ मध्ये आलेल्या मर्सिडीजच्या विजेरी सीएलएच्या युरोपातल्या सुरुवातीच्या गाड्या ४०० व्होल्टच्या जलद चार्जरवर चार्जच होत नव्हत्या.

तुमच्या गाडीत काय आहे हे ब्रोशरमध्ये सापडेलच असं नाही, पण चार्जरचा पडदा सांगतो. ५०० व्होल्टच्या चार्जरवर लावल्यावर पडद्यावर ४०० च्या आसपास व्होल्ट दिसतायत आणि बॅटरी मात्र ७०० ची आहे? मग गाडी व्होल्टेज वाढवून घेतेय किंवा पॅक विभागून भरतेय. किलोवॅट ४८–५० ला खिळले आणि चार्जरची मर्यादा त्याहून बरीच वर असेल, तर तो ५० चा कन्व्हर्टर. अशा गाडीसाठी ५०० व्होल्टचा १५० किलोवॅटचा चार्जर आणि ५०० व्होल्टचा ५० किलोवॅटचा चार्जर यांत फरक जवळपास नाही. उगाच मोठ्याची रांग धरू नका.

टेस्लाच्या सुपरचार्जरबद्दलचा गोंधळ इथेच मिटवू. २०१९ मधला व्ही३ सुपरचार्जर २५० किलोवॅटचा, पण कमाल ५०० व्होल्ट. व्ही४ चा उंच, लांब केबलचा खांब दिसला की लोक १००० व्होल्ट धरून चालतात. खांब फक्त तोंड आहे. वीज बदलणारं कपाट मागे असतं आणि कित्येक व्ही४ खांबांना व्ही३ चंच कपाट जोडलेलं आहे. १००० व्होल्टपर्यंत जाणारं व्ही४ कपाट २०२४ च्या अखेरीस जाहीर झालं. ठिकाणाच्या माहितीत कमाल किलोवॅट २५० दिला असेल तर ते ५०० व्होल्टचंच समजा.

उलट्या बाजूने, म्हणजे ४०० व्होल्टची गाडी १००० व्होल्टच्या चार्जरवर लावायला लोक बिचकतात. बिचकू नका. किती व्होल्ट हवेत ते गाडी मागते, चार्जर तेवढेच देतो. अडचण येते ती फार कमी व्होल्टेजच्या वाहनांना. चार्जरची किमान मर्यादा १५० किंवा २०० व्होल्ट असेल आणि पॅक त्याखाली असेल तर सत्र सुरूच होणार नाही. शिवाय बरीच मॉड्युलं साधारण ३०० व्होल्टच्या वरच पूर्ण शक्ती देतात.

चालूच होत नाही: कोणत्या टप्प्यावर पडलं?

सीसीएसमध्ये गन घातल्यापासून करंट सुरू होईपर्यंत ठरलेला क्रम असतो. पडद्यावरचे शब्द आणि घड्याळ यांवरून कुठे अडलं ते बऱ्यापैकी ओळखता येतं.

गन घातली आणि काहीच झालं नाही, गाडीला गन लागल्याचाच पत्ता नाही. ही बारीक पिनांची बाब आहे. सीसीएस२ च्या वरच्या भागातल्या दोन लहान पिनांपैकी एक गन बसल्याचं सांगते आणि दुसरीवरून बोलणं होतं. त्या बोलण्याच्या पिनेवर आधी १२ व्होल्ट असतात, गन लागल्यावर ते ९ वर येतात. जड केबलच्या ओढीने गन खाली झुकली की नेमक्या याच पिना नीट टेकत नाहीत. गन मुठीने किंचित वर उचलून आत दाबून धरा आणि लॉकचा ‘कट्’ आवाज येईपर्यंत सोडू नका. युक्ती साधी आहे, पण चालते. चार्जरचं आणीबाणीचं लाल बटण दाबलेलं नाही ना, तेही याच वेळी पाहा. कुणीतरी गमतीने दाबून गेलेलं असतं. बाणाच्या दिशेने पिळलं की ते बाहेर येतं, पण नंतर चार्जर रिसेट करावा लागू शकतो.

‘गाडीशी संपर्क साधत आहे’ असं येऊन तिथेच थांबलं. याच पिनेवरून गाडी आणि चार्जर विजेच्या तारेतून चालणाऱ्या मोडेमने बोलतात. आधी गाडी आपण नक्की कोणत्या चार्जरला जोडलेलो आहोत हे सिग्नलच्या ताकदीवरून ओळखते, कारण शेजारच्या केबलचा आवाजही तिला ऐकू येतो. दोन केबली एकमेकींत गुंतल्या असतील तर वेगळ्या करा. मग भाषा ठरते: जुनी डीआयएन ७०१२१ की आयएसओ १५११८. एकाच मॉडेलची जुन्या सॉफ्टवेअरची गाडी चालते आणि नव्याची पडते, किंवा उलट, याचं मूळ बहुधा इथे असतं. एक प्रयत्न फसल्यावर लगेच दुसरा करू नका. गन काढा, गाडी लॉक करा, किल्ली घेऊन दूर व्हा आणि पाच मिनिटं थांबा. चार्जिंगचा संगणक झोपून पुन्हा उठला की बोलणं कोऱ्या पाटीवरून सुरू होतं. ‘प्लग अँड चार्ज’ (गन लावताच गाडी स्वतःची ओळख पटवते ती सोय) चालू असेल तर ते गाडीच्या मेनूत तात्पुरतं बंद करून कार्डने करून पाहा. प्रमाणपत्राची भानगड असेल तर ती एवढ्याने टळते.

परवानगी मिळायला वेळ लागला. ॲपमध्ये पैसे भरण्यात दीड-दोन मिनिटं गेली आणि तोवर गाडी कंटाळली. त्या चार्जरवर ‘आधी गन’ म्हटलंय की ‘आधी ॲप’ ते वाचा आणि दुसऱ्या खेपेला उलट क्रम करून पाहा. दुसऱ्या नेटवर्कच्या ॲपने चार्जर उघडत असाल तर परवानगी दोन सर्व्हरमधून फिरून येते. तिथे कार्ड किंवा त्या नेटवर्कचं स्वतःचं ॲप जास्त भरवशाचं.

परवानगी झाली आणि लगेच, दोन-तीन सेकंदांत, त्रुटी आली. आकडे जुळले नाहीत. गाडीने मागितलेलं व्होल्टेज चार्जरच्या मर्यादेबाहेर. कन्व्हर्टर नसलेली ८०० व्होल्टची गाडी ५०० व्होल्टच्या चार्जरवर इथेच पडते. दहा वेळा लावून फरक पडणार नाही, पुढचा चार्जर गाठा.

पंधरा-वीस सेकंद ‘केबल तपासत आहे’ आणि मग ‘इन्सुलेशन’ किंवा ‘आयसोलेशन’ची त्रुटी. करंट देण्यापूर्वी चार्जर केबलमध्ये व्होल्टेज सोडून जमिनीकडे गळती होतेय का ते तपासतो. आयएसओ १५११८-२ मध्ये या टप्प्याला ४० सेकंदांची मुदत आहे. किमान हिशेब १०० ओहम प्रति व्होल्टचा: ४०० व्होल्टला ४० किलोओहम, ८०० व्होल्टला ८०. पावसानंतर किंवा गाडी धुतल्यावर ही त्रुटी वाढते. गन उलटी धरून झटका, सॉकेटमधलं पाणी निथळू द्या, दहा मिनिटं थांबा. वेगवेगळ्या बनावटीच्या दोन चार्जरवर कोरड्या हवेतही हीच त्रुटी आली तर दोष गाडीत आहे. सर्व्हिस सेंटर गाठा आणि तोवर पुन्हापुन्हा लावून बघू नका.

इन्सुलेशन पार पडलं, पण ‘प्रीचार्ज’वर तुटलं. इथे चार्जरला बॅटरीच्या व्होल्टेजच्या २० व्होल्टच्या आत यायचं असतं, तेही ७ सेकंदांत. जमलं तर गाडीतल्या काँटॅक्टरचा (बॅटरी जोडणाऱ्या मोठ्या स्विचचा) ‘खट्’ आवाज येतो आणि करंट सुरू होतो. जमलं नाही तर चार्जरचं एखादं मॉड्युल मेलेलं आहे, किंवा व्होल्टेज वाढवणाऱ्या गाडीचा आणि त्या चार्जरचा मेळ बसत नाही. शिवाय गाडीची १२ व्होल्टची लहान बॅटरी. काँटॅक्टर तिच्यावर चालतात. ती दमलेली असेल तर सगळं बोलणं नीट होतं आणि नेमका ‘खट्’ होत नाही. सगळ्या नेटवर्कवर याच ठिकाणी पडत असेल तर आधी तिचं व्होल्टेज मोजून घ्या. शिसे-आम्लाची असेल आणि गाडी बंद ठेवून काही तासांनी १२ च्या खाली दिसली, तर संशय तिच्यावरच.

ॲडॉप्टर

सीसीएस१ (सीसीएसचा उत्तर अमेरिकेतला प्रकार), सीसीएस२ आणि एनएसीएस (टेस्लाची गन) यांची डीसी, म्हणजे जलद चार्जिंगची भाषा आता एकच असल्याने त्यांच्यातलं ॲडॉप्टर म्हणजे मुख्यतः तांबं आणि प्लास्टिक. चाडेमो (जपानची पद्धत) आणि जीबी/टी (चीनची) वेगळी भाषा बोलतात, तिथे ॲडॉप्टरच्या आत दुभाषा बसलेला असतो, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स. त्याचं सॉफ्टवेअर जुनं असेल तर एका नेटवर्कवर चालून दुसऱ्यावर पडेल. घेतल्याबरोबर अपडेट करा. चाडेमोचे बहुतेक चार्जर ५०० व्होल्टचे, हेही लक्षात ठेवा.

एनएसीएसच्या ॲडॉप्टरवर कोरलेला आकडा वाचल्याशिवाय लावू नका. त्याच्या मानकात ५०० आणि १००० व्होल्ट असे दोन प्रकार आहेत, आणि दिसायला जवळपास तसंच असलेलं एसीचं (हळू चार्जिंगचं) ॲडॉप्टर डीसीसाठी चालत नाही. डीसी गनची लांबी वाढवणारी केबल तर नियमातच बसत नाही, कुणी विकत असलं तरी.

हेल्पलाइनला काय सांगायचं

‘चार्जर चालत नाही’ एवढं सांगितलंत तर ‘गन काढून पुन्हा लावा’ एवढंच उत्तर येईल. चार्जरचा क्रमांक, गनचा क्रमांक, मिनिटासह वेळ, बॅटरीची टक्केवारी, वरच्यापैकी कोणत्या टप्प्यावर तुटलं ते आणि पडद्यावरचा त्रुटी कोड सांगा. दोन्ही पडद्यांचे फोटो काढून ठेवा, कोड दहा सेकंदांत निघून जातो. मग स्पष्ट शब्दांत हार्ड रिसेट (अख्खा चार्जर बंद करून चालू करणं) मागा. सॉफ्ट रिसेटमध्ये बहुधा वरचा संगणकच नव्याने सुरू होतो आणि अडकलेलं मॉड्युल अडकलेलंच राहतं. रिसेट होत असताना गन गाडीत ठेवू नका. ती परत तिच्या जागी लटकवा, पडद्यावर चार्जर मोकळा दिसू द्या, मगच लावा.

गनच अडकली असेल तर क्रम असा: ज्या कार्डाने किंवा ॲपने सुरू केलं त्यानेच सत्र थांबवा, गाडी किल्लीने अनलॉक करा, गन आत दाबून धरत अनलॉक पुन्हा एकदा करा, मग ओढा. तरीही सुटली नाही तर अनेक गाड्यांत सॉकेटच्या मागे, डिकीच्या किंवा बॉनेटच्या आत हाताने ओढायची दोरी असते. तिची जागा गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते. ओढण्याआधी पडद्यावर शून्य अँपिअर दिसतायत याची खात्री करा.